नकोसा घोट : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे खाणे

आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत असा एखादा पदार्थ असतो, जो पूर्वी आवडायचा आणि एका आजारपणानंतर नकोसा झाला. कोणाची लग्नाच्या पंगतीतली बासुंदी, कोणाची प्रवासात खाल्लेली अंडाभुर्जी, तर कोणाची लहानपणी तापात दिलेली साबुदाण्याची खीर. त्या पदार्थाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळते. घरची माणसे याला 'नखरे' म्हणतात, आणि एक पदार्थ टाळल्याने फारसे बिघडतही नाही. बासुंदीवाचून कोणाचे अडत नाही.

पण टाळावासा वाटणारा पदार्थ हाच काही महिने मुख्य आधार असेल तर? अतिस्थूलतेवर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या अनेकांपुढे नेमका हा पेच उभा राहतो. या शस्त्रक्रिया आता मुंबई-पुण्यातच नव्हे, तर इतर शहरांतही होतात. एखादे सहकारी शिक्षक, विद्यार्थ्याची आई किंवा शेजारी यांपैकी कोणी त्यातून गेलेले आपल्याला माहीत असते. वजन किती उतरले याची चर्चा पुष्कळ होते. त्या माणसाला समोरचा प्रोटीन शेक का गिळवत नाही, याची चर्चा मात्र होत नाही. या प्रश्नाच्या उत्तरात रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र तिन्ही एकत्र येतात. ते समजले तर त्यावरचे उपायही बरेचसे आपोआप सुचतात.

शस्त्रक्रियेत काय बदलते?

प्रौढ माणसाच्या जठरात जेवणानंतर साधारण एक ते दीड लिटर अन्न सहज मावते. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांपैकी दोन प्रकार सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उभा कापून काढून टाकतात. उरते ती शर्टाच्या बाहीसारखी अरुंद नळी. म्हणून या शस्त्रक्रियेला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्या प्रकाराला 'बायपास' म्हणतात. त्याची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात केली. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जागीच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही.

३० मिलिलिटर म्हणजे किती? आपला पोहे खाण्याचा चमचा साधारण १० मिलिलिटरचा धरला, तर तीन चमचे.

परिणाम केवळ जागा कमी होण्याचा नसतो. जठर आणि आतडी ही अन्नाची पिशवी व नळी तर आहेतच, शिवाय ती संप्रेरके तयार करणारी मोठी ग्रंथीही आहेत. घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका तोच भाग काढला जातो. उलट, बायपासनंतर अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचते आणि तेथून 'पोट भरले' असा निरोप देणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात रक्तात येतात. शस्त्रक्रिया यशस्वी होते ती याच बदलांमुळे. पण हेच बदल मळमळीलाही हातभार लावतात. सेमाग्लुटाइडसारखी वजन घटवणारी औषधे जीएलपी-१ चेच काम करतात. त्यांचाही सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम मळमळ हाच आहे.

साठ ग्रॅमचे गणित

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माणसाचा आहार दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली असतो. तूट भरून काढण्यासाठी शरीर साठवलेली चरबी वापरते, आणि तेच तर हवे असते. मात्र चरबीप्रमाणे प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. रक्तातील प्रथिने, विकरे, त्वचा, जखम भरण्यासाठी लागणारे धागे हे सारे बनवायला रोज अमायनो आम्ले लागतात. ती अन्नातून आली नाहीत तर शरीर स्नायू मोडून ती मिळवते. वजनकाट्यावर दोन्ही घटी सारख्याच दिसतात; चरबी गेली की स्नायू गेला, हे काटा सांगत नाही. जिना चढताना पाय सांगतात.

म्हणून या रुग्णांना दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असा सर्वसाधारण सल्ला असतो. नेमके प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर ते त्यांनीच ठरवायला हवे.

आता हे ६० ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरातून मोजू या. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण ३ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे दोन लिटर दूध झाले. एका अंड्यात ६ ग्रॅम, म्हणजे दहा अंडी. तुरीच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे पावकिलोहून अधिक डाळ, आणि तिचे वरण केले तर ते लिटरभराच्या पुढे जाईल. पनीर घेतले तर ३०० ग्रॅमच्या आसपास. तीन चमच्यांच्या पिशवीत हे बसवायचे कसे? शाकाहारी माणसाची अडचण तर दुप्पट, कारण डाळीत प्रथिनांबरोबर पिष्ट आणि पाणीही भरपूर येते.

येथे प्रथिनांची पूड कामाला येते. तिच्या एका मापात, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पुडीत, २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. ती पाण्यात कालवून दिवसभर घोट घोट घेतली, तर गणित सुटते. निदान कागदावर तरी.

पुडीत असते काय?

सर्वांत प्रचलित पूड दुधाच्या निवळीपासून करतात. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. चीज करताना ते साकळते आणि उरलेली २० टक्के प्रथिने हिरवट पिवळ्या पाण्यात, म्हणजे निवळीत, राहतात. तीच गाळून, सुकवून पूड होते. (आपण घरी पनीर करतो तेव्हा दूध आधी उकळतो. त्यामुळे निवळीतील बरीचशी प्रथिने केसीनला चिकटून पनीरमध्येच जातात. चीजसाठी दूध उकळत नाहीत, म्हणून तेथे ती निवळीत राहतात.) सोयाबीन आणि वाटाणा यांच्यापासूनही पूड करतात. कोलॅजेनची पूडही बाजारात मिळते, पण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमायनो आम्ल नसते. म्हणून ६० ग्रॅमच्या हिशेबात केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

या पुडीची चव ही मुळातच अवघड बाब आहे. अखंड प्रथिनाचा रेणू मोठा असतो आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. तो विकरांनी आधीच तोडून 'पचायला हलका' केला की लहान तुकडे तयार होतात. त्यांपैकी पाण्यापासून दूर राहू पाहणारी अमायनो आम्ले असलेले तुकडे कडू लागतात. कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही माणसाजवळ आहेत, त्यामुळे ही कडवट छटा जिभेच्या नजरेतून सुटत नाही. ती झाकण्यासाठी उत्पादक सुक्रालोजसारखे गोडवे घालतात. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते आणि त्याची गोडी तोंडात बराच वेळ रेंगाळते. सॅकरीन व ॲसिसल्फेम हे गोडवे तर गोड ग्राहींबरोबर काही कडू ग्राहींनाही चाळवतात. त्यावर व्हॅनिला किंवा चॉकलेटचा दाट वास. धडधाकट माणसालाही हे पेय रोज तीन वेळा पिणे जड जाईल. शस्त्रक्रियेनंतर तर अनेकांना गोड चव पूर्वीपेक्षा तीव्र वाटू लागते.

पण चव नावडती असणे वेगळे आणि शिसारी येणे वेगळे. औषधाचा कडू काढा आपण नाक मुरडून पितो. बासुंदीच्या वासाने मात्र उलटीची भावना होते. हा फरक समजण्यासाठी सत्तर वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाकडे जावे लागेल.

गार्सियांचे उंदीर

१९५० च्या दशकात अमेरिकेत जॉन गार्सिया हे शास्त्रज्ञ किरणोत्साराचा प्राण्यांवर होणारा परिणाम अभ्यासत होते. किरण देण्याच्या पिंजऱ्यात पांढरे उंदीर पाणी कमी कमी पिऊ लागले. आपल्या नेहमीच्या पिंजऱ्यात मात्र ते व्यवस्थित पीत. किरणांच्या पिंजऱ्यातील बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि पाण्याला त्याची चव येत होती. किरणांमुळे येणारी मळमळ उंदरांनी त्या चवीशी जोडली असावी, असा तर्क निघाला. मग गार्सिया आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आवडणारे सॅकरीनचे गोड पाणी दिले आणि त्याबरोबर गॅमा किरणांची मात्रा दिली. नंतर उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावीनात. हा प्रयोग १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पावलॉव्हचा कुत्रा आपण शिकवतो. घंटा वाजली की अन्न, असे अनेकदा घडल्यावर घंटेनेच लाळ सुटते. गार्सियांच्या उंदरांनी या नियमाला दोन ठिकाणी धक्का दिला. एक म्हणजे, पुष्कळ वेळा शिकवावे लागले नाही, एकदाच पुरले. दुसरे असे की, चव आणि मळमळ यांच्यात काही तासांचे अंतर पडले तरी उंदीर ती जोडत. १९६६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पाणी पिताना उंदरांना चव, प्रकाश आणि आवाज एकाच वेळी दिले. ज्यांना नंतर मळमळ झाली त्यांनी दोष चवीला दिला. ज्यांना विजेचा सौम्य झटका बसला त्यांनी प्रकाश व आवाज टाळले. म्हणजे मेंदू कशाचीही कशाशी सांगड घालत नाही. 'पोट बिघडले, तर दोष खाल्लेल्याचा' हे सूत्र जणू आधीच लिहिलेले असते. जंगलात एका विषारी फळाने एकदाच शिकून सावध झालेला प्राणीच जगतो.

ही सांगड घालणारी यंत्रणा मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात आहे. जठर व आतड्यांकडून व्हेगस नावाचा मज्जातंतू तेथे निरोप आणतो. शेजारीच मेंदूचा एक चिमुकला भाग असा आहे, की रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूबाहेर रोखणारा पडदा तेथे विरळ असतो, त्यामुळे रक्तातील विषाची चाहूल त्याला लागते. जिभेकडून येणारे चवीचे मज्जातंतूही जवळच पोचतात. तेथून पुढे हे निरोप भावनांशी संबंधित भागांकडे जातात. या सगळ्यात आपल्या विचारांना कोणी विचारत नाही. मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्वतःचेच उदाहरण दिले आहे. एका फ्रेंच सॉसबरोबर जेवल्यानंतर त्यांना उलट्या झाल्या. कारण सॉस नसून पोटाचा संसर्ग होता, हे त्यांना पुढे नीट समजले. तरीही त्या सॉसची शिसारी गेली नाही.

म्हणून प्रोटीन शेकसमोर बसलेल्या माणसाला 'मनावर घे, औषध समजून पिऊन टाक' असे सांगणे फारसे उपयोगी पडत नाही. त्याला सारे पटलेले असते. पटलेले नसते ते मस्तिष्कस्तंभाला.

रुग्णालयातले आइस्क्रीम

हे माणसांतही घडते हे इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये दाखवले. कर्करोगावरील रसायनोपचार घेणाऱ्या मुलांना उपचाराच्या थोडे आधी एका अनोळखी स्वादाचे आइस्क्रीम दिले. काही आठवड्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांतील जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या मुलांनी ते निवडले. ज्यांना मळमळ आणणारे औषध किंवा ते आइस्क्रीम मिळाले नव्हते, अशा मुलांत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या पुढे होते.

बर्नस्टीन आणि ब्रोबर्ग यांनी पुढे, १९८७ मध्ये, याच नियमाचा उपयोग करून घेतला. जेवण आणि औषध यांच्या मध्ये त्यांनी मुलांना तीव्र, वेगळ्या चवीची गोळी चघळायला दिली. मळमळीचे खापर त्या गोळीवर फुटले आणि जेवणातले पदार्थ बरेचसे वाचले. दुसऱ्याचे पाप डोक्यावर घेणारी ही गोळी!

या आणि अशा अनेक प्रयोगांतून शिकलेल्या शिसारीचे काही नियम हाती आले. चव जितकी अनोळखी, तितका दोष तिच्यावर लवकर येतो. जी चव मळमळीशिवाय अनेकदा चाखली आहे ती सहसा वाचते. तीव्र वासाचे पदार्थ आणि मांसासारखे प्रथिनयुक्त पदार्थ अधिक वेळा बळी पडतात.

आता शेककडे पुन्हा पाहा. चव अनोळखी, वास तीव्र, आणि पिण्याची सुरुवात होते ती भूल, वेदनाशामके आणि नवे जठर यांमुळे मळमळीच्या ऐन दिवसांत. शिसारी शिकवण्याचा प्रयोग मुद्दाम मांडला असता, तरी तो याहून चांगला मांडता आला नसता.

शस्त्रक्रिया झालेले शरीर शिसारीसाठी निमित्तेही जास्त पुरवते. बायपासनंतर जठराच्या तळाची झडप अन्नाच्या वाटेत राहत नाही. गोड पेय घाईने प्यायले तर साखर एकदम आतड्यात उतरते, परासरणाने पाणी आतड्याकडे खेचले जाते, आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, गरगरणे सुरू होते. मांसाचा नीट न चावलेला घास अरुंद वाटेत अडकतो आणि छातीत दुखून फेसाळ उलटी होते. तेलकट पदार्थांचेही तसेच. २०११ मध्ये संशोधकांनी बायपास केलेल्या उंदरांना सॅकरीनच्या पाण्यानंतर थोडे मक्याचे तेल नळीने दिले, तर त्यांनी ते पाणी पुढे टाळले. शस्त्रक्रिया न झालेल्या उंदरांवर त्याच तेलाचा असा परिणाम झाला नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथील डॉक्टरांनी २०१४ मध्ये बायपास झालेल्या सुमारे शंभर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना कोणत्या ना कोणत्या पदार्थाचा तिटकारा आला होता, आणि त्या यादीत मांसाचे पदार्थ अग्रभागी होते.

नियमांतून उपाय

शिसारी नियमाने येत असेल, तर तिच्याशी व्यवहारही नियमाने करता येतो.

पहिला उपाय शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे. पोट शांत असताना दोन-तीन प्रकारच्या पुडी वेगवेगळ्या दिवशी, थोड्या थोड्या, अनेकदा चाखून ठेवाव्यात. ओळखीची झालेली चव मळमळीच्या दिवसांत टिकून राहण्याची शक्यता अधिक असते. मोठा डबा एकदम घेण्याऐवजी लहान पुड्या घेतल्या तर पैसेही वाचतात.

दुसरा, सारा भार एकाच चवीवर टाकू नये. आलटून पालटून घ्यावे. एक चव गेली तरी दुसरी हाताशी राहते. आणि जो पदार्थ जिवापाड आवडतो, तो मळमळीच्या पहिल्या आठवड्यांत दूर ठेवावा. आईच्या हातचे कढण किंवा आमटी 'निदान एवढे तरी जाईल' म्हणून त्या दिवसांत पुढे केली जाते, आणि नेमकी तीच कायमची जाते.

तिसरा, गोडाचीच सक्ती नाही. बिनचवीची पूड मिळते. ती पातळ ताकात, टोमॅटोच्या साराच्या निवळीत, डाळीच्या गाळलेल्या पाण्यात मिसळता येते. मात्र पातेले आचेवर असताना पूड घालू नये. निवळीतील प्रथिने ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडून एकमेकांना चिकटतात, आणि उकळत्या पाण्यात पडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारख्या गुठळ्या होतात. शिवाय गंधकयुक्त वास सुटतो. पिण्याजोगे कोमट झाल्यावर पूड घालावी.

चौथा, थंड आणि हळू. थंड पेयातून वासाचे रेणू कमी उडतात, आणि गोडीही कमी जाणवते. एक पेला अर्ध्या ते एका तासात, लहान घोटांनी संपवायचा. कालवलेला शेक मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये. तो दुधासारखाच नासतो.

पाचवा, डॉक्टरांनी परवानगी दिली की पुडीची जागा हळूहळू अन्नाने घ्यावी. दही, चक्का, मऊ पनीर, मऊ शिजवलेले अंडे, वाफवलेला मासा, मुगाची घट्ट डाळ. जेवताना प्रथिनांचा घास आधी, भात-पोळी नंतर, आणि पाणी जेवणापासून अर्धा तास दूर.

सहावा, नकोशा झालेल्या पदार्थाशी कायमचे वैर धरू नये. मळमळ थांबल्यावर काही आठवड्यांनी एक चमचाभर, पोट शांत असताना, चाखून पाहावे. काही झाले नाही तर थोड्या दिवसांनी पुन्हा. जुनी आठवण पुसली जात नाही, पण 'हे खाऊनही काही होत नाही' ही नवी शिकवण तिच्यावर बसते. जबरदस्तीने गिळून उलटी झाली, तर मात्र जुना धडाच पक्का होतो.

सगळेच शिसारी नसते

एक साधी वही या काळात फार उपयोगी पडते. काय घेतले, किती, किती वेळात, आणि पुढच्या दोन तासांत काय झाले, एवढेच लिहायचे. आठवड्याभरात कारणे वेगळी दिसू लागतात. गिळण्याआधी, वासानेच ढवळले तर ती शिकलेली शिसारी. अर्ध्या तासात धडधड आणि घाम, तर साखर घाईने उतरली. तासा-दोन तासांनी गुडगुड, वायू आणि जुलाब, तर दुधातील लॅक्टोज पचत नसेल. निवळीच्या साध्या पुडीत ते असते, अधिक शुद्ध केलेल्या पुडीत फारच कमी आणि सोयाच्या पुडीत नसते. गिळताच छातीत दुखून लाळ वर येत असेल, तर वाट अरुंद झाली असू शकते, आणि तपासणी हवी.

सर्वांत महत्त्वाची सूचना येथेच करायला हवी. उलट्या काही दिवस थांबत नसतील, पाणीही ठरत नसेल, तर 'तिला शेक आवडत नाही' असे म्हणून घरी बसू नये. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सडीच्या तांदळाऐवजी पॉलिशचा तांदूळ खाल्ल्याने होणारा बेरीबेरी आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. तोच अभाव येथे महिनाभरात उभा राहू शकतो. एकाची दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास मेंदूला कायमची इजा होते. तसेच लोह, जस्त आणि ब-१२ यांच्या तपासण्या आणि पूरक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवाव्या लागतात. मांस नकोसे झाले की लोहाचा एक चांगला स्रोतही जातो. जस्त कमी पडले तर चव आणखी बिघडते.

वर्गासाठी

या विषयावर वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. एक प्रयोग नाकाचा. डोळे बांधून आणि नाक चिमटीत धरून विद्यार्थ्यांना सफरचंदाचा व कच्च्या बटाट्याचा सारखा किसलेला चमचाभर कीस द्यावा आणि ओळखायला सांगावे. मग नाक सोडायला सांगावे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, हे लगेच ध्यानात येईल, आणि थंड पेय का सुसह्य होते तेही.

दुसरी पाहणी. विद्यार्थ्यांनी नाव न घालता चिठ्ठीवर लिहावे : आजारपणानंतर नकोसा झालेला एखादा पदार्थ आहे का? आजारी पडण्याआधी तो किती वेळा खाल्ला होता : पहिल्यांदाच, क्वचित की रोज? खाणे आणि मळमळ यांत किती वेळ गेला? तो आता खाता येतो का, आणि कसा जमू लागला? चिठ्ठ्या एकत्र करून तक्ता करावा. रोजचे वरण-भात, पोळी यादीत किती वेळा येतात आणि एकदाच खाल्लेले पदार्थ किती वेळा येतात, याची तुलना केली की अनोळखी चवीचा नियम मुलांना आपल्याच वर्गात तपासून पाहता येईल. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे मोठ्याने वाचून दाखवावीत. नकोसा पदार्थ परत खाऊ लागलेल्यांपैकी किती जणांना कोणी बळेच भरवले होते आणि किती जण स्वतःहून, थोडे थोडे चाखत परतले, हे मुलांनी मोजावे. घरात कोणी अशा शस्त्रक्रियेतून उठले असेल, तर पुढच्या वेळी पेला पुढे करताना या मोजणीचा त्यांना उपयोग होईल.